पंच क्रमांक दोन

मी एल वॉर्डात, जन्ममृत्यू नोंदणीला.
पोलिसांचं पत्र आलं की साहेब माझंच नाव देतात.
याचं अक्षर चांगलं, आणि हा नाही म्हणत नाही.

खैरानी रोड. भंगाराच्या गोदामावरची खोली.
रात्रीचे नऊ वाजून सतरा मिनिटं:
घोसाळकर बाईंनी मोठ्यानं वाचलं, कॅमेऱ्याला ऐकू जावं म्हणून.
हातात निळे मोजे, सुईणीसारखे.
"कशाला हात लावायचा नाही. तुम्हीपण नाही, पंच."

पोरगा कॉटवर. सुजल वाघचौडे, वय एकोणीस.
स्वतःचं बँक खातं पाच हजारांना भाड्यानं दिलेलं,
कुणाला, ते त्यालाही नीट सांगता येईना.
त्या खात्यातून बावीस मिनिटांत वाहून गेले
मुलुंडच्या आठल्ये सिस्टरांचे अकरा लाख चाळीस हजार.
पडद्यावरच्या खोट्या पोलिसानं दोन दिवस, दोन रात्री
त्यांना त्यांच्याच घरात अटकेत ठेवलेलं.
संडासला जातानाही विचारून जायच्या.
हे मला फार नंतर कळलं.
पंचाला आधी काही कळू नये, असा रिवाज आहे.

फोन उशीवर. चालू. काच तडकलेली.
मी लिहिलं: उजवा कोपरा, वरची बाजू, तडा, अंदाजे दीड इंच.
बाई त्याचं नेटवर्क तोडायला वाकल्या
तेवढ्यात पडदा उजळला.
*मम्मी: भाकऱ्या झाल्यात कधी येतोस*
प्रश्नचिन्ह नव्हतं. मीही घातलं नाही.

"मॅडम, नुसतं 'येतो' टाकू द्या."
"उघडलास की तो वाचलेला होतो," बाई म्हणाल्या,
"मग तो आत्ता आहे तसा राहत नाही."
आवाजात राग नव्हता. मला वाटतं, थकवा होता.
मग चंदेरी पिशवी. तिच्यातून हाक आत जात नाही
की बाहेर येत नाही.
मेणबत्ती, लाख, चिठ्ठीवर आमच्या सह्या.
लाखेचा एक थेंब माझ्या करंगळीवर पडला.
तो पंचनाम्यात नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एक काळी डबी जोडली.
हिच्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही.
(असली डबी आमच्या खात्याला कधी मिळणार?)
संध्याकाळी त्या अख्ख्या फोनचा एकच आकडा निघाला,
चौसष्ट घरांचा.
मी वाचत गेलो: सात, सी, नऊ, शून्य, एफ, एफ, चार...
बाई बोट ठेवून ताडत गेल्या.
आत एक टिंब हललं, तरी हा सगळा बदलतो म्हणाल्या.
मला ते लगेच पटलं.
माझ्या खिडकीवर रोज उभी असतात
शकुंतलाची शंकुतला झाली म्हणून
पेन्शन अडलेली माणसं.

तीन वर्षांनी कुर्ला कोर्ट.
बचावाच्या वकिलांनी चष्मा काढून विचारलं,
"हॅश म्हणजे काय, कळतं तुम्हाला?"
नाही.
"मग सही कशावर केलीत?"
साहेब, मृत्यूच्या दाखल्यावरपण करतो.

कुणी हसलं नाही. लाख फोडली.
आकडा पुन्हा काढला: सात, सी, नऊ, शून्य.
शेवटच्या घरापर्यंत तोच.
आठल्ये सिस्टर पर्सवर दोन्ही हात ठेवून बसलेल्या.
अनोळखी नंबर त्या आता उचलत नाहीत, ओळखीचेही नाहीत.
सुजल दाढी राखून होता. मी ओळखलं नाही.

मग प्रतीतला मजकूर एकेक करून नोंदीवर आला,
खाते क्रमांक, रकमा, वेळा,
आणि त्यांच्यामध्येच, कारण तो तिथंच होता,
"संदेश. न वाचलेला. पाठवणार, मम्मी."
शेवटच्या बाकावरची एक बाई उभी राहिली,
पुकारा झाल्यावर उभं राहतात तशी, पदर सावरून.
"बसा," हवालदार म्हणाला,
"तुमचं नाव नाही घेतलं."