दोन डबे

संखच्या फाट्यावरची पाटी
मी तेरा वेळा रंगवली.
रात्री कुणी काळं फासतं,
सकाळी कुणी बोलवायला येतं;
एकदा तर गडी तोच होता, नखं काळीच.

मोजणीचा साहेब म्हणाला,
'वाद कसला? गुंठा गुंठा वाटू.'
मायाप्पा मेंढरं कानडीत मोजतो,
एखादं हरवलं की शिव्या मराठीत.
तो म्हणाला, 'वाटा की.
पण माझा बिरू पडला तो दगड
पलीकडं गेला,
तर पोरगं कशापायी गेलं,
तेवढं लिहून द्या.'

साहेबाचं पेन
बराच वेळ उघडंच राहिलं.

आता दोन डबे आणतो, उधारीवर.
पांढरा पुरतो.
काळा लवकर संपतो;
अक्षरांना लागतो थोडाच.