चाळिसावी गुंडी

खोक्यावर छापलंय: फ्रिगेट, अठरावं शतक,
प्रमाण एकास चौसष्ट, अक्रोड आणि लिंडन,
चौदा वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवावे.
मी एकाहत्तर. चालेल.

सूचना इटालियनमध्ये. साबेलाला वाटतं, मला कळतात.
मला चित्रं कळतात,
आणि एक्स-रे वाचायची सवय आहे:
कणा इथून, फासळ्या तिथून,
मधल्या काळोखात काय असेल ते ज्याचं त्याने ओळखायचं.

पहिल्या हिवाळ्यात सातवी फासळी वाकडी बसली.
हे मला सोळाव्या फळीला कळलं,
तोवर गोंदाचा दगड झाला होता.
तेव्हापासून जहाजाची डावी बाजू भिंतीकडे असते
आणि आम्ही तिच्याविषयी बोलत नाही.

फळ्या भिजत पडतात मासे उकडायच्या लांब भांड्यात.
रश्श्याला लाकडाचा वास येतो, साबेला एकदाच म्हणाली.
ओली पट्टी कॉफीच्या तापल्या किटलीला धरून
हळूहळू वाकवायची.
घाई केली की कट्.
तो आवाज मी चाळीस वर्षं ओळखतो,
मूळ आतच राहिल्याचा.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं.
अर्ध्या रिबादेओचे कोरले,
आता त्याच चिमट्यांनी, त्याच इवल्या आरशाने
तोफांच्या झडपांत डोकावतो.
आ करा, एवढंच म्हणायचं राहतं.

दुसऱ्या हिवाळ्यात डोलकाठ्या उभ्या राहिल्या.
त्यांचे दोर दोन्ही कडांना ताणून धरायचे तर
गुंड्या लागतात, मसुराएवढ्या, तीन भोकांच्या.
मोजल्या. एकोणचाळीस.
पुन्हा मोजल्या. टेबलाखाली, चपलेत,
कुत्र्याच्या केसांत.
एकोणचाळीस.
कंपनीला पत्र टाकलं. पत्र तसंच परत आलं,
त्यावर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात: इथे कुणी नाही.

माझा बाप शेवटच्या शिडाच्या गलबतांवर होता,
लाकूड भरून बिल्बाओपर्यंत.
न बघता, पावसात, बधिर बोटांनी
तो जी गाठ मारायचा
ती मला दिव्याखाली, भिंगातून, चौथ्या खेपेला जमते.
त्या बोटांनी सांतियागोला माझी फी भरली,
आणि परीक्षेला रोगी मिळेना तेव्हा
तोच येऊन खुर्चीत बसला.
काढ, म्हणाला.
खालची डावी दाढ. माझा हात थरथरत होता.
तोंडात पक्कड असताना माणूस बोलू शकत नाही,
तो बोलला:
हिसका देऊ नकोस. ओढत राहा.

फिल्मच्या डबीत होती ती, पंचेचाळीस वर्षं.

रविवारी साबेला चर्चला गेल्यावर जुनं ड्रिल काढलं.
कापली, गोल केली, तीन भोकं पाडली,
रात्रभर कॉफीत बुडवून ठेवली.
जळक्या दाताचा वास आला की मला आयुष्यभर
जेवणाची वेळ झाल्यासारखं वाटत आलंय.
तेव्हाही वाटलं. काय करणार.

परवा उशिया आली, नात, नऊ वर्षांची.
हे तरंगेल का? नाही.
मग एवढे दोर कुणी ओढायचे?
मी गोंदाची बाटली हलवत बसलो.
तिने मला न विचारता जहाज गर्रकन फिरवलं,
भिंतीकडची बाजू खिडकीकडे, खाडीकडे,
मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.
आबा, म्हणाली, इकडून याला वारा लागलाय.

साबेला विचारते, चाळिसांतली ती कुठली?
मी एक दाखवतो.
काल दुसरी दाखवली होती, ती म्हणते.

मागच्या डोलकाठीचे दोर अजून व्हायचेत.
जहाज तसंच ठेवलंय, फिरवलेलं.