हातचा एक

जहाज रविवारी साडेचारला सुटणार.
म्हणजे तीनलाच फाटक बंद, आयली म्हणाली,
साडेचार ही बघ्यांची वेळ.

मी म्हणालो, रविवारीच पहाटे सहाचं विमान धरू,
टोरांटोत बदलू, सव्वाबाराला फोर्ट लॉडरडेल.
पावणेतीन तास हातात, शिवाय
एका रात्रीचं हॉटेल वाचलं.
दोनशे दहा डॉलर! माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर येतील त्यात.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
बेचाळीस वर्षांच्या संसारात
या खुणेनंतर मी कधी जिंकलेलो नाही.

ती धान्याच्या कोठारात बोटींच्या वेळा लिहायची.
सुपीरियर सरोवर गोठलं की बोटी अडकत,
कॅप्टन फोनवर शिव्या देत,
ही पेन्सिलीची तारीख खोडून
शांतपणे पुढची लिही.
मी बर्फ काढणारी गाडी चालवायचो, रात्रपाळी.
अख्खं थंडर बे माझ्या जिवावर वेळेत कामाला जायचं
आणि मी स्वतःच्या लग्नाला
पाऊण तास उशिरा,
बुटांवर रस्त्याचं मीठ घेऊन.

स्वयंपाकघराच्या टेबलावर तिनं कागद पसरले.
हे विमान ओटावावरून, ते शिकागोवरून,
आणि हे तुझं, रेइनो, तुझं लाडकं:
टोरांटोत बदलायला चाळीस मिनिटं.
चाळीसच्या आकड्यावर तिचं बोट थांबलं
आणि तिथंच राहिलं.

निपिगॉनच्या दवाखान्यात तिची आई होती.
वादळ ओसरू दे, मी म्हणालो होतो,
पहाटे निघू, रस्ता मला पाठ आहे.
पोचलो तेव्हा नर्स चादर बदलत होती.
चाळीस मिनिटांपूर्वी, ती म्हणाली.
आम्ही विचारलं नव्हतं.
आयली त्यावर एकदाही बोलली नाही.
फक्त स्वयंपाकघरातलं घड्याळ तेव्हापासून पुढे असतं
आणि मी ते मागे करत नाही.

शनिवारचंच काढ, मी म्हणालो.
बेरजेत धरतात ना, ती कागद गोळा करत म्हणाली,
तसा हा हातचा एक.

शनिवारी काहीही बिघडलं नाही.
मला भयंकर राग आला.
पंखांवरचा बर्फ सहा मिनिटांत धुऊन झाला,
आमच्या बॅगा पट्ट्यावर सगळ्यांत पहिल्या,
टॅक्सीवाल्याला पत्ता माहीत!
माझे टायर डोळ्यांसमोरून घरंगळत गेले.

मोटेल हायवेला चिकटून.
तरणतलावात पाणी नव्हतं, एक सरडा होता.
काठावर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या
आणि दुपारचे दोन.
आयलीनं मोजे काढले.
तिचे पाय उन्हात मी किती वर्षांनी पाहिले.

आईला अननस आवडायचा, ती म्हणाली,
डब्यातला. चकत्यांचा.
खरा अननस काटेरी असतो म्हटलं तर
हसायची, खोटं म्हणायची.
मग बर्फाखालचं पाणी वाहतं तसं
ती बोलत राहिली, अंधार पडेतो,
दवाखान्याच्या फाटकापर्यंत आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली.
मी ऐकलं.
मला कुठंच पोचायचं नव्हतं.

रविवारी आम्ही अकराव्या मजल्यावर, कठड्याशी.
दोर सुटले, भोंगा झाला,
आणि खाली धक्क्यावर एक माणूस पळत आला,
चाकांची बॅग मागं उड्या मारत,
एक हात वर, जणू बसच थांबवतोय.
लोक हसले. कुणी टाळ्या वाजवल्या.

आयली हसली नाही.
तिनं पर्समधून पेन्सिल काढली,
पेयाच्या कागदी रुमालावर काहीतरी मांडलं, खोडलं.
पुढचं बंदर मंगळवारी सकाळी आठला, ती म्हणाली,
माझ्याशी नाही, खाली त्या लहान होत जाणाऱ्या हाताशी.
मंगळवार पहाटेचं मुळीच घेऊ नकोस.
सोमवारी निघ.