एक काज चुकलेलं

उलानबातरच्या चढावर, कोळशाच्या धुरात,
मी लोकांचे देल शिवते.
गोफाची गुंडी, गोफाचंच काज,
गाठीत गाठ वळत जाते,
डोळे मिटूनही जमतं मला.

आणि माझ्या खुलानला, पाच वर्षांच्या,
एक गुंडी लागत नाही.
चमचा तोंडाशी येईतो रिकामा.
जोडे उलटे.
सासू म्हणाली, आळशी आहे.
शेजारीण म्हणाली, लाडावून ठेवलीस.
मी काहीच म्हणाले नाही, गुंडी लावून दिली.
रोज. पटकन. बस चुकू नये म्हणून.

दवाखान्यात ओयुनगेरेलबाई.
मला वाटलं गोळ्या देतील, निदान एखादा पट्टा.
त्यांनी जमिनीवर मेंढीच्या घोट्याची हाडं पसरली,
सणाला आम्ही खेळतो तीच,
आणि म्हणाल्या, दोन बोटांनी उचल, खुलान,
बाकीची झोपलीत, त्यांना उठवू नकोस.
मी बाकावर बसून हिशेब केला:
दोन बस, अर्धा दिवस, एक बाही तशीच पडलेली,
आणि हे तर घरचेच खेळ.

पुढच्या खेपेला कणीक.
बूझचं तोंड मिटायचं, चिमटीला चिमूट लावत.
तिचे सगळे फुटले, वाफेत खिमा सांडला,
बाईंनी ते आवडीने खाल्ले.
मग एक बुटकी खुर्ची, पाय टेकतील अशी.
पाय अधांतरी असले की हात घाबरतात, म्हणाल्या.
जन्मभर पायट्यावर पाय ठेवून शिवलं मी,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गुंडी म्हणे शेवटाकडून शिकायची.
सगळं आईने करायचं, शेवटचा ओढा तेवढा तिचा.
मग शेवटचे दोन. मग
आईने काहीच नाही.
आणि तुम्ही, बाई माझ्याकडे वळल्या,
तुम्ही हात खिशात ठेवायचे.

खिशात माझ्या बोटांनी काय केलं विचारू नका.
अस्तर उसवलं.

माघातल्या एका सकाळी
तिने पाचही गुंड्या लावल्या, एक काज चुकवून.
कॉलर कानाशी, घेर तिरका,
घामाने कपाळ ओलं.
माझ्या हातचा देल, असा, रस्त्यावर!
बसमध्ये एका म्हातारीने हात पुढे केला.
राहू द्या आजी, मी म्हणाले.
कुणी शिवला गं हा?
आईने, खुलान म्हणाली. लावला मी.

वरचं काज रिकामंच होतं,
थंडी तिथून आत शिरत होती, उणे सत्तावीस.
मी खिशातून हात काढला
आणि मफलर तेवढा गुंडाळला.
मफलरबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या.