झडती नव्हे, तपासणी

पहाटेचे साडेचार, उणे एकतीस.
फेअरबँक्सच्या बाहेर, बराकीच्या लांबड्या बोळात
एकशे बारा माणसं भिंतीला टेकून उभी,
हातात ओळखपत्र, पोटात तीन-तीन ग्लास पाणी.

माझं काम पाहण्याचं.
नियमात ते एका वाक्यात उरकलंय:
धार शरीरातून सुटून बाटलीत पडेपर्यंत
निरीक्षकानं नजर हलवू नये.
एकोणीस वर्षांत मी पूल बांधले, दोन वाळवंटं पाहिली,
एका मित्राचे बूट त्याच्या आईला नेऊन दिले,
आणि वर्षातून चारदा हे.
लाज पहिल्या तीन बाटल्यांपर्यंत टिकते.
मग नुसतं झाकण, लेबल, लाल चिकटपट्टी, सही.

रूफस एन्सली अठ्ठ्याऐंशीवा.
नेब्रास्काचं पोर, विशीतलं,
कानाच्या पाळ्या थंडीनं सोललेल्या.
"सार्जंट, येतच नाहीये."
आहे वेळ, मी म्हणालो.
"नळ सोडता का जरा?"
सोडला.

कोर्टात बचावाचा वकील, कॅप्टन ओबिओरा,
आवाज न चढवता बोलत होता.
कायद्याला दोन दारं आहेत, म्हणाला.
एक तपासणीचं:
बंदूक, बूट, दात, लघवी, सगळ्यांचं सगळं,
संशय कुणावरच नाही.
फौज शुद्धीत हवी, एवढं कारण पुरतं.
दुसरं झडतीचं.
तिथं बोट एकाच माणसाकडे,
आणि बोटाला आधार लागतो:
काय दिसलं, कुणाला, किती वाजता.
आता एकाला गाठायचं म्हणून
एकशे बारांना रांगेत उभं केलं,
तर ते दार कुठलं, सार्जंट?

मला दारातलं काही कळत नाही.
मला एक रविवार आठवतो.
कॅप्टन लिंडक्विस्ट यांच्या घरी मी बर्फाचे बूट पायपुसण्यावर घासले.
त्या मुलीच्या स्केटिंगच्या बुटांत नाडी ओवत होत्या.
म्हटलं, एन्सलीच्या खोलीतून वास येतो,
सिगारेटचा नाही.
त्यांनी वर पाहिलं नाही.
"बरं," एवढंच. नाडी एक भोक चुकली,
ती त्यांनी पुन्हा उसवून ओवली.

हुकुमावर तारीख शुक्रवारची होती.
शाई कुठल्या वाराची, ते मला सांगता येत नाही.

"तुम्ही कधी सांगितलंत?"
नऊ वाजून दहा.
"आणि उद्या सगळ्यांची चाचणी, हा फोन?"
नऊ चाळीस.
हीटरच्या नळ्या टकटक वाजत होत्या.
न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं,
मग त्याखाली रेघ ओढली.

बाटलीत जे होतं ते होतंच.
प्रयोगशाळेनं दोनदा पाहिलं होतं.
पण ती बाटली कोर्टाच्या खोलीत आलीच नाही,
आली असती तर बहुधा खरंच बोलली असती.

जिन्यात कॅप्टन माझ्याशी बोलल्या नाहीत.
दारूगोळ्याच्या ट्रकवर शुद्धीतला माणूस हवा होता त्यांना,
यात पाप ते काय?
वकिलाचंही काही चुकलं नाही.
तीस मिनिटं मात्र माझीच होती,
आधी तिकडे पोचवली, मग इकडे.

एन्सली वसंतापर्यंत आमच्यातच राहिला.
जेवणघरात माझ्या टेबलाला वळसा घालून जायचा,
ताटातलं सूप न सांडता.

एक गोष्ट कुणी विचारली नाही.
त्या पहाटे मी नळ सोडला तेव्हा
मला वास माहीत होता, रविवार माहीत होता,
बाटलीत काय उतरणार त्याचा अंदाज होता.
तरी सोडला. पोर कळवळत होतं.

आणि बंद करायचा राहून गेला.
पुढच्या चोवीस जणांना फारसा वेळ लागला नाही.
शेवटचा मी. माझ्यावर नजर ठेवायला
भटारखान्याचा कॉर्पोरल डुप्री,
हाताला कांद्याचा वास, डोळे अगदी नियमाप्रमाणे.