कारणाचा रकाना

ग्रनोबल. रात्रीचे अडीच.
अणुभट्टीच्या निळ्या पाण्यापलीकडे, काँक्रीटच्या भिंतीआड
ओदिल रांबो थर्मासमधली कॉफी झाकणात ओतते
आणि पडद्यावर पुढचा ठिपका पडायची वाट बघते.

स्फटिक करंगळीच्या पेराएवढा:
निकेल, मँगनीज, गॅलियम.
फिनलंडहून आला, कापसात गुंडाळून,
दुधाचा दात जपावा तसा.
सोबत चिठ्ठी: पाडू नका. हा विसरत नाही.

गारवा पाव-पाव अंशाने उतरतो आहे.
न्यूट्रॉन आत शिरतात, अणूंना खांदा घासून परततात
आणि सांगतात ते एवढंच:
एका तिरक्या दिशेने जाळी मऊ पडली आहे.
बाकी सगळीकडे ताठ. फक्त तिथे
दार बिजागरीत सैल झाल्यासारखं.
रेषा खाली येते, येते,
शून्याला मात्र टेकत नाही.

दुपारच्या बैठकीत केवढे भांडले!
इलेक्ट्रॉनच, म्हणाला योर्न,
एकाच पायरीवर दाटीने बसलेले,
त्यांनी पायरीच मोडून दोन केल्या.
हाल्शका म्हणाली, छे,
चौरस घर उभं होतं थरथरीच्या जोरावर;
थरथर निवली, घर कललं.
चुंबकत्व तर केव्हापासून एका दिशेला तोंड करून उभं.
त्याला शेवटी विचारलं, चहाच्या वेळी.

ओदिलला बाप आठवतो,
नदीच्या वरच्या अंगाची कागदगिरणी, फेब्रुवारीतला संप.
लोक विचारायचे, पहिलं यंत्र कुणी थांबवलं?
फेर्नां रांबो खांदे उडवायचा.
'पहिला असा कुणी नव्हता.
तीन आठवडे पावलं जड पडत होती आमची.
त्या सकाळी शेजारी हलला म्हणून मी,
मी हललो म्हणून शेजारी.
जागा सोडून कुणी पळालं नाही.
सगळे अर्धं पाऊल सरकलो, बस्स.'

तीन सतरा.
ठिपका भलतीकडेच पडतो.
एका शिखराची दोन झाली आहेत.
आवाज कसलाच नाही, पंपाचा सोडून.
ओदिल वहीत तापमान लिहिते, वेळ लिहिते,
'कारण'च्या रकान्यात पेन टेकवते
आणि उचलते.

उजाडायच्या आत उलटं तापवायचं आहे.
चौरस परत येईल, पण त्याच अंशाला नाही;
परतीला हा नेहमी थोडा उशीर करतो.
संप मिटला त्या दिवशी बापही म्हणे
फाटक उघडं असून
बराच वेळ बाहेर उभा होता.