उपाशी पट्टा

टेकडीवर आम्ही तीन पट्टे आखले,
दोरी धरून, लाल झेंड्या रोवून.
दोघांवर कंपोस्ट पसरायचं, बोटाच्या पेराएवढं जाड,
तिसरा तसाच ठेवायचा.
डेओलिंडा सिल्वेरा कुंपणाला रेलून बघत होती.
"त्यानं काय घोडं मारलंय?" म्हणाली.

मी म्हटलं, तुलनेसाठी.
एक उपाशी राहिल्याशिवाय
दुसऱ्याचं पोट किती भरलं, ते मोजता येत नाही.

ती गप्प राहिली.
सहाव्या वर्षी फायाल बेटावर
समुद्रातून डोंगर फुटलेला पाहिला होता तिनं,
बापाचं मक्याचं शेत राखेखाली गेलेलं,
छपरासकट, विहिरीसकट.
मग जहाज, मग कॅलिफोर्निया,
मग साठ वर्षं दुसऱ्यांच्या आणि शेवटी स्वतःच्या गाई.

नोव्हेंबरात सान फ्रान्सिस्कोहून ट्रक आले.
शहराचा उकिरडा, सहा महिने कुजवलेला, अजून कोमट.
हॉटेलांतली उष्टी पानं, कॉफीचा चोथा,
कुणाच्या तरी लग्नातली फुलं.
आमच्याकडे म्हणतात, बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो.
इथं सहा महिन्यांत फिटला होता.
धुक्यात त्याची वाफ मिसळत होती
आणि गाई लांबूनच नाकपुड्या फुगवत होत्या.

चाळूनही काही राहतंच.
एक काटा-चमचा निघाला, एक खेळण्यातलं चाक,
आणि फळांवर चिकटवतात ती नंबरांची गोल लेबलं.
ती कधी कुजत नाहीत.
डेओलिंडा ती वेचायची
आणि दूधघराच्या दारावर चिकटवायची,
ओळीनं, जणू कुणाची पदकं.

पुढचं काम गवताचं.
हवेतून ओढायचं, मुळांपर्यंत न्यायचं,
बुरशीच्या धाग्यांच्या हातावर ठेवायचं.
बरंचसं श्वासासारखं परत जातं.
थोडं राहतं.
त्या थोड्यासाठीच मी दरवर्षी गिरमिट घेऊन येते,
मीटरभर खोल जाते, नळकांडी भरते,
पिशवीवर तारीख लिहिते.

तिसऱ्या वर्षी आकडे आले.
पहिल्या पट्ट्यात कर्ब वाढलेला, दुसऱ्यातही.
आणि तिसऱ्यातही.
भट्टी तपासली, काटा तपासला,
माझीच अक्षरं पुन्हा वाचली.
मग उरलेली माती चाळणीवर ओतली
आणि बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं.
गोल लेबल. नेक्टरिनचं.
चार आकडे अजून वाचता येत होते.

दूधघराच्या दाराशी गेले तेव्हा
तिनं गोड पाव कापायला घेतला होता.
मी लेबल टेबलावर ठेवलं.
तिनं चष्मा लावला, काढला.

"बादलीनं," म्हणाली. "रात्री. तीन हिवाळे.
ढीग मागे उरला होता, तुमचेच लोक सोडून गेले होते.
गाई त्या पट्ट्याशी थांबायच्या नाहीत,
वळसा घालून जायच्या.
मला रोज खिडकीतून दिसायचं."
मग जरा थांबून,
"गुडघ्यांमुळे फार नाही जमलं.
खालच्या टोकाला अजून कमीच पडलं असेल बघ."

मी ओरडणार होते.
तीन वर्षं, एकशे ऐंशी पिशव्या, कुणाकुणाला लिहिलेली पत्रं.
पण खालच्या टोकाचा आकडा खरंच कमी होता.
तो एवढा का घसरतो, हे मला उलगडत नव्हतं.

फॉर्मवर लिहिलं: तिसरा पट्टा बाद.
कारणाच्या रकान्यात पर्याय होते,
घुशी, पूर, नोंदीतली चूक, इतर.
'इतर'वर खूण केली.
पुढे दोन ओळींची जागा होती, ती कोरी ठेवली.

तिनं लेबल उचललं,
दारावर शेवटच्या रांगेत दाबून बसवलं.
"मग आता उपाशी कुणाला ठेवणार?" तिनं विचारलं.

मी कुंपणापलीकडे पाहिलं.
मेमधल्या पिवळ्या टेकड्या,
एकीमागे एक, समुद्रापर्यंत,
झेंड्या न रोवलेल्या.